सेनापती बापट : ज्याची जमीन, त्याचा वाटा

शिरूरहून नगरच्या रस्त्याने निघाले आणि घोडनदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो. पलीकडच्या नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर हे गाव आपल्या भागातील विद्यार्थ्यांना परके नाही. नातीगोती, बाजारहाट आणि शिक्षण या निमित्ताने दोन्हीकडच्या लोकांचे रोजचे येणेजाणे आहे. याच पारनेरमध्ये १२ नोव्हेंबर १८८० रोजी पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना सेनापती बापट या नावाने ओळखू लागला. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवरून रोज लाखो माणसे जातात. पण हा सेनापती कोणत्या सैन्याचा होता आणि कोणत्या रणांगणावर लढला, असे विचारले तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल?

त्यांचे सैन्य होते मुळशीच्या खोऱ्यातील गरीब मावळ्यांचे, आणि त्यांचे रणांगण होते एका धरणाची जागा. ती लढाई ते हरले. तरीही शंभर वर्षांनंतर ती लढाई आठवावी असे बरेच काही तिच्यात आहे. आज शिरूर-दौंडच्या परिसरात कारखाने आले, महामार्ग आले, विजेचे मनोरे आले, जमिनीखालून तेलाच्या आणि गॅसच्या नळवाहिन्या गेल्या. ज्यांच्या जमिनीवरून किंवा जमिनीखालून हे सारे जाते त्यांचा त्यात वाटा कोणता, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम मोठ्याने विचारला गेला तो मुळशीत. म्हणून बापटांचे चरित्र केवळ एका देशभक्ताचे चरित्र म्हणून न वाचता, या प्रश्नाच्या अंगानेही वाचले पाहिजे.

बापटांचे घराणे मूळचे कोकणातले. वडील महादेवराव आणि आई गंगाबाई पारनेरला स्थायिक झाले होते. घरची परिस्थिती बेताची होती; पण पांडुरंग बुद्धीने तल्लख होता. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असताना त्याच्या आयुष्याला निराळे वळण लागले. चापेकर बंधूंच्या परंपरेतील दामू भिडे या तरुणाच्या सांगण्यावरून त्याने नंग्या तलवारीवर हात ठेवून देशासाठी जगण्यामरण्याची शपथ घेतली. त्या वयात शपथा पुष्कळ जण घेतात. बापटांनी ती सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत पाळली, हा त्यांचा वेगळेपणा.

बी.ए. झाल्यावर मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये ते विलायतेला गेले. एडिंबरो येथील हेरियट-वॅट महाविद्यालयात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू केले. ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. पुढे धरणाच्या आणि वीजनिर्मितीच्या योजनेविरुद्ध उभा राहिलेला हा माणूस यंत्रांना घाबरणारा नव्हता. यंत्र म्हणजे काय, वीज म्हणजे काय, ती कशी तयार होते आणि तिचे सामर्थ्य किती, हे त्या काळातील फार थोड्या हिंदी माणसांना ठाऊक होते, आणि त्या थोड्यांत बापट होते. त्यांचा विरोध अज्ञानातून आलेला नव्हता.

हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्याची कठोर चिकित्सा करणारे भाषण त्यांनी तेथे केले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये श्यामजी कृष्णवर्मा आणि विनायकराव सावरकर यांच्या सहवासात त्यांचे विचार आणखी तापले. पॅरिसमध्ये बंगालचे हेमचंद्र दास यांच्यासह त्यांनी एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँब बनविण्याची विद्या मिळवली. ती माहिती घेऊन १९०८ मध्ये ते मायदेशी परतले. त्याच वर्षी अलीपूर बाँब खटला उभा राहिला, माफीच्या साक्षीदाराच्या जबानीत बापटांचे नाव आले आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले. चार वर्षे नावे बदलत, गावे बदलत ते हिंडले. १९१२ मध्ये इंदूर येथे पकडले गेले आणि १९१५ च्या सुमारास सुटून पारनेरला परत आले.

पारनेरमध्ये या विलायत पाहून आलेल्या पदवीधराने काय केले? हातात झाडू घेतला. गावाचे रस्ते झाडणे, गटारे साफ करणे हे त्यांचे नित्याचे काम झाले. ज्या काळात ब्राह्मणाने असले काम करणे म्हणजे जातीला बट्टा मानला जाई, त्या काळात ते पहाटे उठून हे काम करीत. मुलाच्या बारशाला जेवणाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची बसवली, असे सांगतात. बाँबची विद्या शिकलेला हा माणूस झाडूपर्यंत कसा आला, याचे अनेकांना कोडे वाटते. पण त्यात विसंगती नाही. समाजात जो सर्वांत खाली दबलेला आहे त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे, ही एकच वृत्ती दोन्ही ठिकाणी दिसते. मुळशीला ती अधिक स्पष्टपणे दिसली.

मधल्या काळात ते पुण्यात आले. टिळकांच्या मराठा या इंग्रजी पत्रात त्यांनी काही काळ काम केले, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामात सहभाग घेतला आणि अंदमानातील राजबंद्यांच्या सुटकेसाठी सह्यांची मोहीम चालवली. विद्वत्तेच्या मार्गाने सुखाने आयुष्य काढता आले असते. पण तेवढ्यात मुळशीची हाक आली.

आता मुळशीचे प्रकरण थोडे मुळापासून पाहिले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अडवायचा, ते पाणी बोगद्यांतून कोकणच्या बाजूला खाली सोडायचे आणि त्या धबधब्याच्या जोरावर वीज निर्माण करायची, ही टाटांची मोठी कल्पना होती. पहिले वीजकेंद्र १९१५ मध्ये खोपोलीला सुरू झाले. त्यानंतर मुळा आणि निला या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले, आणि १९१९ मध्ये त्यासाठी टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. योजना हिंदी भांडवलाची होती. स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्या सुशिक्षितांना तिचे कौतुक होते, आणि ते अनाठायी नव्हते.

पण त्या पाण्याखाली सुमारे पन्नास गावे आणि भाताची उत्तम जमीन जाणार होती. दहा-अकरा हजार माणसांचा संसार त्या खोऱ्यात होता. शिवकाळापासून ज्यांना मावळे म्हणून गौरवले जाते त्यांचेच हे वंशज. त्यांना कोणी विचारले नाही. कंपनीची माणसे आली आणि शेतात चाचणीचे चर खणू लागली. ज्याचे शेत त्याने हरकत घेतली तर त्याला बंदुकीचा धाक दाखवण्यात आला. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीला दिला. सार्वजनिक कामासाठी म्हणून केलेला कायदा एका खाजगी कंपनीसाठी वापरला गेला, हे या प्रकरणातील मर्म होय.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जमले. त्यांत बायका होत्या, मुले होती. त्यांनी काहीही मोडले नाही, कोणाला मारले नाही. कामाच्या जागेवर ते नुसते बसून राहिले. काम थांबले. कंपनीने काही महिने काम तहकूब ठेवण्याचे मान्य केले. महात्मा गांधींनी आपल्या पत्रातून कंपनीला कायदेशीर हक्काच्या जोरावर न जाता लोकांशीच बोलून मार्ग काढण्याचे आवाहन केले. मोठ्या धरणाविरुद्ध विस्थापितांनी संघटितपणे केलेला हा जगातील पहिला लढा होय, असे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावरील आपल्या ग्रंथात मांडले आहे.

पण तहकुबी ही तहकुबीच ठरली. १९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले आणि लढ्याचा दुसरा, अधिक कठीण टप्पा आला. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते खोऱ्यात ठाण मांडून होते. नेतृत्व बापटांकडे आले आणि येथेच ते सेनापती झाले. जीव देऊ पण जमीन देणार नाही, अशी प्रतिज्ञा लोकांनी घेतली. तुरुंग भरले. बापटही शिक्षा भोगून पुन्हा पुन्हा मुळशीला परत येत राहिले.

हा लढा का हरला? सरकार आणि कंपनी बलवान होती, हे उत्तर खरे आहे. पण ते अपुरे आहे. त्याहून कटू असे एक कारण आहे. मुळशीच्या खोऱ्यातील जमीन कसणारे मावळे होते. पण तिच्यातील पुष्कळशा जमिनीचे मालक पुण्यात राहणारे जमीनदार आणि सावकार होते. कागदावर त्यांची नावे होती. नुकसानभरपाई किती मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता. उद्या कोठे जायचे, हा कसणाऱ्याचा प्रश्न होता. रक्कम पटल्यावर मालकांनी तडजोड केली. ज्या कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या खाचरांत भात लावला, त्यांना या तडजोडीत फारसे स्थान नव्हते. पुण्यातील पुढाऱ्यांचा उत्साह ओसरला, गांधीजीही पुढे या लढ्यापासून दूर राहिले. बापट मात्र कसणाऱ्याच्या बाजूला राहिले. त्यांना स्वतःला त्या खोऱ्यात एक गुंठाही जमीन नव्हती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सत्याग्रहाचे सारे मार्ग संपल्यावर बापटांनी अहिंसेची मर्यादा ओलांडली. ९ डिसेंबर १९२४ रोजी त्यांनी मोजक्या साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली. हातात तलवार आणि पिस्तूल होते. पळून न जाता ते पोलिसांच्या स्वाधीन झाले आणि त्यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. या कृत्याचे समर्थन करावे की नाही, याबद्दल तेव्हाही मतभेद होते आणि आजही असतील. शांततेने बसलेल्या बाराशे माणसांचे नैतिक बळ त्या एका गाडीमुळे कमी झाले, असे म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु शांततेने बसलेल्या त्या माणसांचे कोणी ऐकले होते, हा प्रश्नही त्यांच्याकडून उत्तर मागतो. बापटांनी आपल्या कृत्याची किंमत स्वतः मोजली. ती दुसऱ्या कोणावर टाकली नाही.

धरण पूर्ण झाले. १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले आणि मुळशीचे पाणी सह्याद्री उतरून कुंडलिकेवाटे अरबी समुद्राला जाऊ लागले. मुंबई उजळली. तलावाच्या काठावरच्या डोंगरांत सरकलेल्या मावळ्यांच्या वस्त्या मात्र त्यानंतर कित्येक वर्षे कंदिलावर राहिल्या.

शिरूर-दौंडच्या वाचकाला वाटेल, मुळशी आपल्यापासून दूर, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तसे नाही. मुळा पुण्यात मुठेला मिळते आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते. तेथून भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका आणि दुसऱ्या काठाला दौंड. म्हणजे मुळशीला अडवून पश्चिमेकडे वळवलेले पाणी हे एरवी आपल्याच दारावरून वाहिले असते. ते पाणी पुन्हा पूर्वेकडे सोडावे, अशी मागणी पुणे जिल्ह्यात अधूनमधून होते, ती यामुळेच. तेव्हा १९२१ मध्ये कोणी भीमाकाठच्या शेतकऱ्याला विचारले नव्हते; तोही या योजनेचा न मोजलेला वाटेकरी होता.

बापटांचे पुढचे आयुष्यही याच धडाडीचे आहे. १९३१ मध्ये सुटल्यावर ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. राजद्रोही भाषणाबद्दल त्यांना पुन्हा दीर्घ शिक्षा झाली आणि १९३७ मध्ये ते बाहेर आले. १९३९ मध्ये सुभाषबाबूंनी फॉरवर्ड ब्लॉक काढला, तेव्हा महाराष्ट्रात त्याची धुरा त्यांनी घेतली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. इतरांनी यानंतर विश्रांती घेतली असती. बापट गोवा मुक्तीच्या लढ्यात गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत उतरले, आणि १९६६ मध्ये, वयाची पंच्याऐंशी वर्षे उलटलेली असताना, सीमाप्रश्नासाठी उपोषणाला बसले. योगी अरविंदांच्या दिव्य जीवन या ग्रंथाचा मराठी अनुवादही त्यांच्याच हातचा. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. १९७७ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

परंतु या साऱ्या आयुष्यात मुळशीचे स्थान निराळेच आहे. परकीयांविरुद्ध लढणे त्या काळी कठीण असले तरी सोपे समजणारे होते. शत्रू कोण, हे सर्वांना दिसत होते. मुळशीत समोर हिंदी कंपनी होती, स्वदेशी भांडवल होते आणि सर्वांना हवी असलेली वीज होती. देशाची प्रगती आणि देशातीलच गरीब माणूस यांच्यात तंटा उभा राहिला तर देशभक्ताने कोठे उभे राहावे? बापटांनी या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले. प्रगतीची किंमत ज्याच्याकडून घेतली जाते त्याला आधी विचारले पाहिजे, हा त्या उत्तराचा अर्थ.

मुळशीत मावळ्यांपुढे दोनच वाटा होत्या. जमीन राखायची किंवा पैसे घेऊन उठायचे. तिसरी वाट, म्हणजे योजनेत हिस्सेदार होण्याची, तेव्हा कोणी सुचवली नाही. बापटांनीही ती मांडली असे दिसत नाही. त्यांच्या लढ्याची भाषा जमीन वाचवण्याची होती. ती तिसरी वाट पुढे त्यांच्याच नगर जिल्ह्यात, त्यांच्या हयातीत सापडली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये तो सुरू झाला. ऊस पिकवणाराच कारखान्याचा भागधारक झाला. आपल्याकडे दौंडमध्ये पाटसचा भीमा आणि शिरूरमध्ये न्हावऱ्याचा घोडगंगा हे कारखाने याच वाटेवरचे. सहकाराचे पुढे काय झाले, त्यात कोणते दोष शिरले, हा वेगळा विषय आहे. पण अल्पशिक्षित शेतकरी मोठ्या उद्योगाचा मालक होऊ शकतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. पुण्याजवळ मगरपट्ट्याला सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून, ती न विकता, स्वतःच नगर वसवले, तेही या वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

नळवाहिन्यांच्या बाबतीत मात्र आपण अजून या वाटेवर आलेलो नाही. मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूरपर्यंत पेट्रोल-डिझेलची नळवाहिनी गेली आहे. उरणहून चाकण आणि शिक्रापूरकडे गॅसची नळवाहिनी आली आहे. अशा कामांना १९६२ चा केंद्रीय कायदा लागू होतो. या कायद्याने जमीन विकत घेतली जात नाही. फक्त तिच्याखालून नळ नेण्याचा वापरहक्क घेतला जातो. मालकी शेतकऱ्याचीच राहते. तो तेथे ज्वारी पेरू शकतो, कांदा लावू शकतो. पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. मोबदला म्हणून पिकाचे व इतर नुकसान भरून मिळते आणि जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम एकदाच मिळते. हरकत घेण्यासाठी एकवीस दिवस असतात. नळातून वर्षानुवर्षे तेल वाहत राहते. शेतकऱ्याचा हिशेब मात्र पहिल्याच वर्षी मिटतो.

शिवाय मुळशीची जुनी गोष्ट येथेही आहेच. कायद्यात मालकाबरोबरच ज्याच्या वहिवाटीच्या हक्काला बाध येतो त्यालाही मोबदला सांगितला आहे. पण सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, ज्याचा व्यवहार तोंडी आहे, अशा वाट्याने किंवा खंडाने शेती करणाऱ्याने आपला हक्क सिद्ध कसा करायचा? कागद एकाच्या हाती आणि नांगर दुसऱ्याच्या हाती, ही मुळशीतील फूट शंभर वर्षांत बुजलेली नाही.

हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकालाही उभा आहे. कॅनडाच्या उत्तरेस मॅकेंझी नदीच्या खोऱ्यातून गॅसची मोठी नळवाहिनी नेण्याचे ठरले, तेव्हा १९७४ मध्ये तेथील सरकारने न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना चौकशीसाठी नेमले. ते शहरात बसून राहिले नाहीत. पस्तीस वस्त्यांवर जाऊन त्यांनी तेथील आदिवासींचे म्हणणे ऐकले आणि लोकांच्या जमिनीचे हक्क आधी ठरावेत म्हणून दहा वर्षे थांबावे, अशी शिफारस १९७७ मध्ये केली. पुढे काळ बदलला. २०२२ मध्ये त्याच देशातील अल्बर्टा प्रांतात तेवीस आदिवासी समूहांनी एकत्र येऊन एन्ब्रिज कंपनीच्या सात नळवाहिन्यांत साडेअकरा टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा विकत घेतला. किंमत होती ११२ कोटी कॅनेडियन डॉलर. त्यासाठी लागणाऱ्या कर्जातील २५ कोटी डॉलरला प्रांताच्या महामंडळाने हमी दिली. आता तेल वाहते तोवर त्या वस्त्यांना उत्पन्नाचा वाटा मिळत राहील.

पण तेथेही सारे सुरळीत नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एका गॅसवाहिनीला वाटेवरच्या आदिवासी समूहांच्या निवडून आलेल्या मंडळांनी करार करून संमती दिली. तर वेट्सुवेटेन लोकांच्या परंपरागत प्रमुखांनी तिला विरोध केला. जमिनीच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, यावर तंटा पेटला आणि २०२० च्या फेब्रुवारीत त्यांना पाठिंबा देणाऱ्या इतर आदिवासींनी देशभर ठिकठिकाणी रेल्वेमार्ग अडवले. मुळशीची आगगाडी आठवावी असाच हा प्रसंग. वाटा देऊ केला म्हणजे प्रश्न संपत नाही. तो कोणाला विचारून दिला, हेही पाहावे लागते. आणि ज्याला जमीन सोडायचीच नाही, त्याचा नकार ऐकण्याची तयारी नसेल तर वाटा हेही एक आमिषच ठरते.

आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा करून, लाभक्षेत्रात जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे तत्त्व आपल्या राज्याने स्वीकारले. पानशेत-वरसगावच्या विस्थापितांना दौंड तालुक्यात वसवले गेले. त्यांची गावठाणे आपण जाता-येता पाहतो. त्यांतील मुले आपल्याबरोबर वर्गात बसतात. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना बाधितांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती आवश्यक केली. मुळशीत ज्या गोष्टीसाठी माणसे तुरुंगात गेली, ती गोष्ट ब्याण्णव वर्षांनी कायद्यात आली. मात्र नळवाहिन्यांचा १९६२ चा कायदा त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात वेगळा ठेवण्यात आला. तेथे पूर्वसंमतीचा प्रश्न अजून उरलाच आहे.

आपल्यापैकी अनेक जण शेतकऱ्यांची मुले आहेत. उद्या आपल्यातील कोणी तलाठी होईल, कोणी वकील, कोणी कंपनीत अधिकारी, कोणी शिक्षक. एखाद्या दिवशी आपल्याच गावात मोजणीचे लोक येतील आणि नोटीस लागेल. त्या वेळी ती नोटीस गावाला वाचून दाखवणारा, एकवीस दिवसांचा अर्थ समजावून सांगणारा, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या वाटेकऱ्याचीही नोंद घ्या म्हणून आग्रह धरणारा माणूस गावात असला पाहिजे. त्यासाठी तलवार लागत नाही. कायदा वाचण्याची सवय, हिशेब मांडण्याची बुद्धी आणि आपल्या फायद्यापेक्षा शेजाऱ्याच्या नुकसानीकडे आधी पाहण्याची वृत्ती, एवढे पुरे.

बापटांकडे शिक्षण होते, विलायतेचा अनुभव होता, पुण्यात मानाचे स्थान होते. तडजोड करणाऱ्या मालकांच्या बैठकीत त्यांना सहज जागा मिळाली असती. ते मावळ्यांबरोबर भाताच्या खाचरात उभे राहिले. शिकलेल्या माणसाने कोठे उभे राहायचे, याचा एवढा सरळ धडा आपल्या इतक्या जवळच्या गावातील माणसाने घालून दिला आहे. पारनेरच्या वाटेवर त्यांची आठवण ठेवणे चांगलेच. पण गावात पुढची नोटीस लागेल तेव्हा ती ठेवणे अधिक गरजेचे आहे.